जे दिसतंय तेच सांग

होडी वाळूला टेकायच्या आधीच उनाइसीचा पिवळा रेनकोट दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात गेला होता.

तिनं तो काढून क्षणभर बाकावर ठेवला, एवढंच झालं. डिशची पेटी डोक्यावर घेऊन ती गुडघाभर पाण्यात उतरली, मागं वळून कोटाला हात घातला, तर बोटांना नुसतं ओलं फळकूट लागलं. कोट किनाऱ्यावर पोचला होता. एका उंच, शिडशिडीत माणसानं तो चढवला होता. बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या, बटणं लागत नव्हती, आणि तो मात्र पावसात लग्नाला निघाल्यासारखा ऐटीत उभा होता.

"तो माझा आहे," उनाइसी म्हणाली.

"होता," तो म्हणाला. "नासोरोची ना तू? डोंगरातली?"

"हो."

"मग झालं तर. आपण तौवू."

उनाइसीनं डोळे मिटून घेतले. निघताना आईनं बजावलं होतं – वातुलेका बेटाचे लोक आपले तौवू. फार पूर्वी दोघांचा देव एकच होता. ते तुझी थट्टा करतील, तुझी वस्तू न विचारता उचलतील, आणि तुला रागवायची सोय नाही. तिला वाटलं होतं, निदान पाय कोरडे होईपर्यंत तरी थांबतील.

"डोंगरातल्या माणसाला पोहता येतं का?" त्यानं तिच्या डोक्यावरची पेटी अलगद उचलली.

"मासेखाऊंना वाचता येतं का? पेटीवर लिहिलंय, नाजूक आहे, जपून."

"मी शाळेत मास्तर आहे."

"इसा... बिचारी मुलं."

तो हसला. पापण्यांवरून पावसाचे थेंब गालावर ओघळले ते त्यानं पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत पेटी होती... आणि ती त्यानं खरंच फार जपून धरली होती. उनाइसीनं ते पाहिलं. पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

त्याचं नाव इसिकेली. शाळेला सुट्ट्या होत्या, त्यामुळे पाहुणीची सगळी जबाबदारी त्यानं कुणी न सांगताच अंगावर घेतली. गावप्रमुखापुढं पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणं यांगोना या पेयाची मुळं ठेवून तिच्या वतीनं बोलायलाही तोच बसला. "या मुलीनं तीन दिवस वादळाशी झुंज दिली," तो गंभीरपणे सांगू लागला, "लाटा माडाएवढ्या होत्या, नावाडी रडत होते, पण हिनं डिश छातीशी धरून ठेवली..." उनाइसी मान खाली घालून बसली होती. राजधानी सुवाहून निघालेली बोट एका रात्रीत आली होती आणि ती रात्रभर पोट धरून ओकत होती. म्हाताऱ्या गावप्रमुखानं सगळं ऐकून घेतलं, टाळ्या वाजवून मुळं स्वीकारली आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, "याचं निम्मं धर, पोरी."

काम तसं सरळ होतं. शनिवारी दुपारी सुवाहून नवी डिजिटल टीव्ही सेवा सुरू व्हायची होती. सगळ्या बेटांवर एकाच क्षणी, एक पैसाही न घेता. वातुलेकाच्या सभागृहात एक टीव्ही कित्येक वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली झोपला होता. त्याला आता चित्र मिळणार होतं. मंत्र्यांचं भाषण संपलं की मुलींच्या राष्ट्रीय संघाचा रग्बीचा सामना दाखवणार होते, आणि त्या संघात याच गावची सेरुवाया होती, इसिकेलीची मावसबहीण.

उनाइसीची स्वतःची गोष्टही त्यात अडकली होती. तीन वर्षं ती सुवाच्या ऑफिसात काउंटरवर बसून लोकांना टीव्हीला जोडायची खोकी विकत होती. बेटांवर जाऊन डिश बसवायचं काम मिळावं म्हणून तिनं साहेबांच्या मागं लागून लागून त्यांना दमवलं होतं. "जा," शेवटी ते म्हणाले होते. "पण शनिवारी वातुलेकाला चित्र दिसलं नाही, तर सोमवारी परत काउंटर."

गुरुवारी दुपारी ती सभागृहाच्या मागच्या भिंतीला शिडी लावून खांब पक्का करत होती. आत गाव जमलं होतं. त्याच संघाचा आधीचा एक सामना रेडिओवर होता. पण रेडिओचा आवाज इतका क्षीण आणि खरखरीत होता की एकाच कानाला पुरायचा, आणि निवेदन इंग्रजीत. म्हणून कित्येक वर्षं इथं एकच पद्धत होती. इसिकेलीनं रेडिओ कानाला लावायचा आणि ऐकलेलं गावाला गावच्या बोलीत सांगायचं.

शिडीच्या टोकाला उनाइसीच्या मोबाइललाही तेच केंद्र लागलं. तिनं एका कानात वायर अडकवली. दुसरा कान खिडकीपाशी होता.

एका कानात इंग्रजी निवेदक म्हणाला, चेंडू मैदानाबाहेर गेलाय, खेळ थांबलाय.

दुसऱ्या कानात इसिकेली म्हणत होता, "सेरूकडे चेंडू! उजव्या बाजूनं निघालीय पोरगी... गुडघे बघा कसे उचलतेय, आईच्या हातचे दालोचे कंद खाऊन घडलेले गुडघे आहेत ते... एक मागं पडली, दुसरी मागं पडली..."

उनाइसीला इतकं हसू आलं की पाना हातातून सुटता सुटता राहिला. मग ती सेरुवायाचं नाव इंग्रजीत कधी येतंय याची वाट बघू लागली. ते आलंच नाही. सामना जिंकला, निवेदकानं मैदानावर न उतरलेल्या बदली खेळाडूंची नावं वाचली, तेव्हा आलं. शेवटचं.

खिडकीच्या फटीतून तिला एक बाई दिसत होती. भरदार अंगाची, दोन्ही हात हनुवटीखाली धरून बसलेली, इसिकेलीच्या शब्दांबरोबर ओठ हलवणारी. ही माकेरेता, सेरुवायाची आई, हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

इसिकेली घाम पुसत बाहेर आला आणि तिच्या कानातली वायर बघून जागच्या जागी थांबला.

"किती ऐकलंस?"

"सगळं. दोन्ही कानांनी."

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी तिची निवड झाली. टेकडीवर फोन लागतो, तिथं मला सेरूचा फोन आला. म्हणाली, मला बाकावर बसवतात, आईला सांगू नकोस. एकदाच सांग, मी खेळले म्हणून. मी एकदाच सांगितलं... मावशीचा चेहरा असा झाला, उनाइसी, की पुढच्या वेळी न सांगणं जमलंच नाही."

"आणि मग पोरगी दर सामन्याला पळायला लागली."

"गेल्या महिन्यात तिनं तीनदा रेषा गाठून गुण मिळवले," तो हळूच म्हणाला. "जरा जास्तच झालं."

उनाइसी हसली नाही. त्यानं वर बघितलं.

"डिश जरा... उशिरा लागली तर?"

"किती उशिरा?"

"सोमवारी."

"सोमवारी मी काउंटरवर असेन. जन्मभरासाठी."

"मी तुझ्या साहेबांशी बोलेन. सांगेन, वादळ आलं, लाटा माडाएवढ्या..."

"नको." तिचा आवाज तिलाच कठोर वाटला. ती दोन पायऱ्या खाली उतरली. "तू तिला गोष्ट दिलीस, आणि छान दिलीस. पण दोन वर्षांत त्या बाईनं आपल्या मुलीचा चेहरा पाहिलाय का? तो मी आणलाय, इसिकेली. त्या पेटीत. आणि तू म्हणतोस, नको दाखवूस."

तो उठला. अंगातला पिवळा कोट काढला, शिडीच्या पायरीवर नीट अडकवला आणि निघून गेला.

तौवूनं उचललेली वस्तू परत करणं म्हणजे भांडणच. त्या रात्री पाऊस पडत होता, कोट उशाशी होता, आणि उनाइसीला तो आता अजिबात नको होता.

शुक्रवारी सकाळपासून सिग्नल काही लागेना. ती डिश केसाएवढी डावीकडे सरकवायची, केसाएवढी वर, आणि हातातला मीटर मुका. शेवटी ती खांबाच्या रेषेत डोळा लावून बसली तेव्हा कळलं. आकाशात जिथं बघायचं, बरोबर तिथंच एका माडाचा शेंडा डोलत होता. खांब हलवायला जागा नव्हती, कारण सौर दिव्यांची वीज या एकाच भिंतीशी होती. गावातली तरणी माणसं शनिवारच्या जेवणासाठी मासे धरायला गेली होती. तिनं लुंगीसारखा सुलू कमरेला खोचला आणि माडाला मिठी मारली. पुरुषभर उंची गाठली, तिथून सावकाश, कातडं सोलत खाली आली.

"डोंगरात माड नसतात, नाही का?" मागून आवाज आला.

ती वळली नाही. "नसतात. तिथं माणसं घरात राहतात."

इसिकेलीनं कोयता कमरेला बांधला आणि बघता बघता शेंड्याशी पोचला.

"कुठली झावळी?"

"डावीकडची."

त्यानं हात लावला.

"तुझी डावी नाही. माझी."

"तुझी डावी, माझी डावी... तुमच्यात प्रत्येकाला वेगळी असते?"

एक झावळी सळसळत खाली आली. मग दुसरी. तिसरीला कोयता लागला आणि उनाइसीच्या हातातला मीटर अचानक बोलू लागला, आधी अडखळत, मग सलग, भरभर. तिच्या छातीत आनंद मावेना. पण वरून काहीच आवाज येत नव्हता म्हणून तिनं मान उंचावली. तो खोडाला धरून तिच्याकडेच बघत होता.

"सांगितलं मी मावशीला," तो म्हणाला. "सकाळीच."

"काय म्हणाली?"

"काही नाही. चटई विणत होती, विणतच राहिली. मला चहा दिला. साखर नव्हती त्यात."

"मग?"

"मग काय... इथं आलो."

तो खाली उतरला तेव्हा त्याचे तळवे सोलवटले होते. तिनं हत्यारांच्या पेटीतून मलम काढलं आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. दोघंही त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो तिसऱ्याच कुणाचा आहे.

"अजून वाजतंय ते," तो हलकेच म्हणाला.

"मीटर तसाच वाजतो, सिग्नल लागला की."

"असं होय. मला वाटलं, माझंच काहीतरी."

उनाइसीनं मलमाचं झाकण लावलं. ते दोनदा चुकीचं बसलं.

शनिवारी दुपारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लहान मुलं पुढं, म्हातारी माणसं चटयांवर, मधोमध यांगोनाचं भांडं. लोवोच्या जमिनीतल्या भट्टीतून मासा आणि दालोचा वास येत होता. माकेरेता अगदी पुढं बसली होती, नवा फुलाफुलांचा झगा घालून, ताठ. इसिकेली दारापाशी उभा होता आणि ती एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती.

ठरल्या वेळी पडदा उजळला. सुवाचा मंडप दिसला, मंत्री दिसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंत्री बोलत राहिले आणि गावप्रमुखाला डुलकी लागली. तेवढ्यात समुद्रावरून काळा ढग आला, छपरावर पाऊस कोसळला, आणि मंत्र्यांचे चौकोन चौकोन होऊन ते पडद्यावर विखुरले. मग पडदा निळा झाला.

सगळ्या माना उनाइसीकडे वळल्या.

ती धावतच मागच्या दारानं बाहेर पडली. शिडी बुळबुळीत झाली होती. पाऊस इतका दाट की डिशची कडसुद्धा धूसर दिसत होती. थेंबाथेंबातून सिग्नल पोचायचा तर नेम आणखी अचूक हवा होता, काल उन्हात पुरला तेवढा आज पुरणार नव्हता. मीटर भिजून बंद पडला. तिनं खिडकीवर थाप मारली. झडप उघडली, इसिकेलीचा चेहरा आला.

"पडदा बघ आणि मला सांगत राहा," ती ओरडली आणि डिशला खांदा लावला.

"सुंदर दिसतंय," तो ओरडला. "जवळजवळ आलंच."

"आलंच म्हणजे काय? इसिकेली, वाढवू नकोस. जे दिसतंय तेच सांग."

मग त्याचा आवाज आला, पण वेगळा, साधा. "निळं आहे. काहीच नाही."

तिनं डिश किंचित वर केली.

"निळंच... एक चौकोन. गेला."

किंचित डावीकडे. तिची डावी.

"चौकोन आहेत. हिरवे. पुष्कळ... थांब. तिथंच थांब. गवत आहे ते. मैदान. माणसं पळतायत. उनाइसी, सामना सुरू झालाय."

ती बोल्ट आवळू लागली. शेवटचा आटा बसत असताना तो पुन्हा बोलला, इतक्या हळू की पावसातून जेमतेम ऐकू आलं.

"सेरू दिसतेय. बाकावर."

उनाइसी निथळत आत आली. पडद्यावर बदली खेळाडूंची रांग होती, आणि रांगेच्या टोकाला, गळ्यात टॉवेल घेतलेली एक मुलगी. माकेरेता उठून उभी राहिली होती. ती पुढं गेली आणि तिनं पडद्याला हात लावला, गालाच्या जागी.

"केस कापलेत तिनं," ती म्हणाली. "बारीक झालीय... पण बघा, कशी ताठ बसलीय. बाकीच्या सगळ्या वाकल्यात. माझी ताठ बसलीय."

चित्र हललं, मैदान आलं. माकेरेता वळली, पदोपदी लोकांना ओलांडत परत जागेवर आली आणि दाराकडे बघून म्हणाली, "रेडिओत हा बाक नव्हता रे, इसिकेली."

"नव्हता, मावशी."

"पुढं ये. इथं बस, माझ्याजवळ." तिनं चटईवर थाप मारली. "आणि त्या माणसाचा आवाज बंद करा कुणीतरी, इंग्रजीत घाई करतोय नुसती. तू सांग. पण ध्यानात ठेव, आता मलाही दिसतं."

रिमोट उनाइसीच्या हातात होता. तिनं आवाज बंद केला.

इसिकेली बसला. त्यानं घसा खाकरला. पहिली काही मिनिटं तो अडखळला. जे सगळ्यांना दिसतंय ते काय सांगायचं? मग तो बघू लागला, खरंच बघू लागला. कुणाचा बूट सैल आहे, कोण दमलीय, कोण कुणाकडे न बघता चेंडू देतेय. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं आणि कुणाच्याच लक्षात न आलेलं तो एकेक करून उचलून देत होता, आणि गाव मान पुढं काढून ऐकत होतं. उनाइसी ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून उभी होती. सामन्याकडे तिचं अर्धंच लक्ष होतं.

समोरच्या संघातल्या सामोआच्या मुली दोन गुणांनी मागं होत्या आणि वेळ संपत आली होती. "आपली एक जण लंगडतेय," इसिकेली म्हणाला. "बाहेर येतेय. बाकावरून..." तो थांबला. "बाकावरून सेरू उठतेय. टॉवेल खाली टाकला. आत धावतेय."

माकेरेतानं त्याचं मनगट धरलं.

"पहिला चेंडू तिच्याकडे... सुटला. हातातून सुटला, मावशी."

"दिसलं मला. पुढं सांग."

"त्यांनी उचलला. त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी निघालीय, समोर कुणी नाही. रेषा जवळ आली. सेरू मागून येतेय... अंतर आहे... कमी होतंय... अजून आहे... झेपावली. घोटा धरला. एकाच हातानं धरलाय. पाडली. पाडली तिनं. शेवटची शिट्टी वाजली."

मग कुणाला काही ऐकू येईना. छप्पर उडेल असा गलका झाला, यांगोनाचं भांडं लवंडलं, गावप्रमुख जागा होऊन नाचू लागला. माकेरेता रडत होती आणि जो जवळ येईल त्याला सांगत होती, "एका हातानं. बघितलंत ना तुम्ही, एका हातानं." आणि त्या गर्दीवरून इसिकेलीनं भिंतीशी उभ्या असलेल्या उनाइसीकडे बघितलं. त्याचा आवाज बसला होता. आभाराचा शब्द ओठांवर हलला, तो फक्त तिला कळला. विनाका.

ती ओली होती, थंडीनं कुडकुडत होती, आणि आपण इतक्या सुखात आहोत हे तिला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर ती एकटीच टेकडी चढून गेली.

सोमवारी होडी आली. निरोपाला सगळं गाव वाळूवर उभं होतं. इसिकेली कमरेएवढ्या पाण्यातून तिची हत्यारांची पेटी घेऊन आला, होडीत ठेवली, आणि काठ धरून तसाच उभा राहिला.

"उनाइसी, मला... म्हणजे असं आहे की... तू पुढच्या बेटावर जाशील, मग..."

"मी काल आईला फोन केला," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"जे आहे तेच. वातुलेकाला एक मास्तर आहे. मासेखाऊ आहे. थापा मारायचा, परवापासून कमी केल्यात. माझा रेनकोट त्याला अजिबात होत नाही." तिनं त्याच्याकडे बघितलं. "आणि मला तो आवडतो."

इसिकेलीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल की आता," किनाऱ्यावरून माकेरेता ओरडली. "माझ्या पोरीबद्दल बोलताना बरा दम लागत नव्हता तुला."

"मलाही," तो म्हणाला. फक्त तिच्याकडे बघत. "मलाही आवडतेस तू. पाण्यात उतरलीस तेव्हापासून."

नावाड्यानं इंजिन सुरू केलं. होडी हलली. इसिकेलीनं काठ सोडला नाही. तो बरोबर चालत राहिला. पाणी छातीपर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं.

"आई काय म्हणाली, ते नाही विचारलंस," उनाइसी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, येऊ दे त्याला. आम्ही तौवू आहोत, चार दिवस सोलून काढू, मग बघू."

मागून पाणी खळबळलं. माकेरेता झग्यासकट पाण्यात शिरली होती, डोक्यावर कागदात बांधलेला यांगोनाच्या मुळांचा जुडगा धरून. "लोकांच्या गावी रिकाम्या हातानं जाशील की काय?" ती धापा टाकत म्हणाली आणि जुडगा होडीत भिरकावला. "शाळा उघडायला अवकाश आहे. चढ वर."

नावाड्यानं कुणी न सांगताच इंजिन बंद केलं. उनाइसीनं हत्यारांची पेटी पायाशी ओढून बाकावर जागा केली आणि दोन्ही हात पुढं केले.